कच्ची कालवं खावीत की नाही? बोर्दोला निघालेल्या ताईंना

प्रश्न: माझं वय ५८. माहेर रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात, सध्या राहते डोंबिवलीला. लेक दोन वर्षांपासून फ्रान्समध्ये बोर्दोला शिकते आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी आणि आमचे हे तिच्याकडे जातो आहोत. तिनं आत्तापासून ठरवून टाकलंय की आल्या आल्या बाजारात नेऊन कालवं खायला घालणार. ती तिकडे कच्ची खातात, जिवंत, असं ती म्हणते. लहानपणी मी कालवं पोटभर खाल्लीत, पण शिजवलेली. आई सुकतीला खडपावर जायची आणि परत यायची तेव्हा तिची बोटं चिरलेली असायची. आता तीच वस्तू काचेच्या पेल्याशेजारी बर्फावर मांडून खायची, याचं मला कसंतरीच वाटतं; आणि खाऊन बघायची इच्छाही आहे. यांचं वय ६६. मधुमेह १४ वर्षांचा, गेल्या वर्षी सोनोग्राफीत लिव्हरचंही दुखणं निघालं. तरी हे म्हणतात, "लिंबू पिळलं की झालं, मीही खाणार." आम्ही दोघंही दारू घेत नाही. परक्या देशात हसं होऊ नये, आजारपण येऊ नये आणि लेकीचा हिरमोडही होऊ नये. काय करावं?
– डोंबिवलीची एक वाचक

ताई,

सगळ्यात आधी यजमानांचं बोलू या, कारण तिथे घासाघीस नाही. त्यांनी कच्चं कालव खायचं नाही. चवीपुरतं एकसुद्धा नाही.

कालव दिवसभर पाणी आत ओढतं, गाळतं आणि सोडून देतं. पूर्ण वाढलेलं एक कालव तासाला काही लिटर पाणी असं गाळून काढतं. त्या पाण्यातलं बारीक शेवाळ हे त्याचं खाणं. पण पाण्यात जंतू असले तर तेही त्याच्या पोटात साठतात आणि आपण ते पोटासकट खातो. समुद्राच्या पाण्यात राहणारे व्हिब्रिओ नावाचे जंतू धडधाकट माणसाला बहुतेक वेळा दोन-तीन दिवस जुलाब-उलट्यांनी हैराण करून सोडून देतात. लिव्हर आजारी असेल किंवा मधुमेह जुना असेल, तर त्यातला एक प्रकार थेट रक्तात उतरू शकतो, आणि मग गोष्ट जिवावर बेतते. असं क्वचित होतं हे खरं. पण ज्यांना होतं, त्यांत अशीच दुखणी असलेले लोक जास्त असतात. लिंबानं हे जंतू मरत नाहीत. व्हिनेगरनं नाही, मिरचीनं नाही, वाइननंही नाही. मरतात ते उष्णतेनं. हा परिच्छेद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकवा. नवऱ्याला बायकोचं न पटलेलं डॉक्टरांचं पटतं, असा माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा अनुभव आहे.

तुमच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. लिव्हर, मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं यांपैकी काही चालू असेल, तर तुम्हालाही हाच नियम. कोळंबी-तिसऱ्या खाल्ल्यावर अंगावर पित्त उठत असेल तर विषयच सोडा. गरोदर बायकांनीही कच्चं खाऊ नये. तुमच्याबरोबर तशी कुणी असेल म्हणून लिहून ठेवते. यातलं काही नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: खा. सहाच खा, सकाळी खा, बाजारात खा, आणि खाऊन झाल्यावर शहरभर चाला.

मी बोर्दोत तीन वर्षं राहिले आहे, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. 'सकाळी' आणि 'बाजारात' हे दोन शब्द तर अंगावर आल्यानंतर शिकले. एकदा जुलैत, भर दुपारी, उन्हात टेबलं मांडलेल्या एका ठिकाणी मी डझनभर कालवं मागवली. ताटातला बर्फ वितळून पाणी झालं होतं ते दिसत होतं, पण बरोबरच्या मंडळींसमोर बोलायचा संकोच वाटला. पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले. तेव्हापासून मी ताटाखाली बर्फ आहे की पाणी, हे आधी बघते, आणि मनात शंका आली तर संकोच न करता ताट परत पाठवते. तुम्हीही पाठवा. बाजार करणाऱ्या बाईला मासळीची पारख शिकवायची गरज नसते. डोंबिवलीत कोळणीकडून पापलेट घेताना कल्ला उघडून बघता, तोच अधिकार तिथेही आहे.

डिसेंबर हा महिना तुम्ही नकळत उत्तम निवडलात. ज्या महिन्याच्या नावात 'र' आहे त्या महिन्यात कालवं खावीत, असं फ्रान्समध्ये जुने लोक म्हणतात. म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल. त्यामागचं कारण सरळ आहे. मे ते ऑगस्ट कालवं अंड्यावर येतात, आतलं मांस दुधाळ आणि पचपचीत होतं, आणि पूर्वी उन्हाळ्यात ती वाहतुकीत खराबही व्हायची. थंडीत मांस घट्ट असतं आणि व्हिब्रिओचा त्रासही फार कमी. पण थंडीचा म्हणून एक वेगळा पाहुणा आहे, नोरोव्हायरस नावाचा पोट बिघडवणारा विषाणू. २०२३ च्या डिसेंबरात असंच झालं. बोर्दोजवळच्या आर्काशोँच्या खाडीतली कालवं खाऊन लोकांची पोटं बिघडली आणि २७ डिसेंबरला, ऐन नववर्षाच्या तोंडावर, तिथल्या प्रशासनानं त्या खाडीतल्या कालवांची विक्री बंद केली. ती पुन्हा सुरू झाली १९ जानेवारीला. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री ज्या आठवड्यात होते तो आठवडा कालववाल्यांचा बुडाला. ही गोष्ट तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तिथे पाण्यावर आणि मालावर नजर ठेवणारी यंत्रणा आहे, समुद्राचे पट्टे स्वच्छतेनुसार ठरवलेले आहेत, कालवांच्या प्रत्येक पेटीवर ती कुठली आणि कधी भरली याची चिठ्ठी असते, आणि गडबड दिसली की विक्री थांबवतात. लेकीला एवढंच सांगा की बाजारात जायच्या आदल्या दिवशी स्थानिक बातम्या बघून ठेव. आर्काशोँची बंद असली तर फ्रान्सच्याच दुसऱ्या किनाऱ्यांवरची, ब्रिटनीची किंवा मारेन-ओलेरोँची मिळतात.

आता बाजार. मार्शे दे काप्युसँ. बोर्दोचे लोक त्याला शहराचं पोट म्हणतात. रेल्वे स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. सोमवारी बंद असतो आणि दुपारी दोनच्या आसपास आवरायला लागतो, म्हणून दहा-साडेदहाला पोचा. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. पहिल्यांदा जाताना शुक्रवार बरा. गुरुवार मी मुद्दाम सुचवत नाही, त्या दिवसांत तुमचे मार्गशीर्षातले गुरुवार असू शकतात.

आत शिरलात की कालवांचे ठेले वासावरून नाही, आवाजावरून ओळखाल. सुरी शिंपल्यात शिरल्याचा कट् असा आवाज, मग दुसरा. डाव्या हातात जाड हातमोजा किंवा फडकं, उजव्या हातात बोटभर लांबीची आखूड सुरी, आणि समोर हिरव्या शेवाळावर किंवा बर्फावर रांगेनं मांडलेली कालवं. पाटीवर आकडे दिसतील, त्यात लोक हमखास फसतात: आकडा जितका मोठा तितकं कालव लहान. शून्य नंबरचं दीडशे ग्रॅमच्या वरचं, तीन नंबरचं ६६ ते ८५ ग्रॅमचं, पाच नंबरचं जेमतेम ३० ते ४५ ग्रॅमचं. हे वजन शिंपल्यासकट. पहिल्यांदा खाणाऱ्यानं चार नंबर घ्यावा. मोठं कालव तोंडात मावत नाही आणि नवख्या माणसाला तिथेच शिसारी येते. पाटीवर 'फीन' लिहिलेलं असेल तर मांस कमी आणि पाणीदार, 'स्पेस्याल' असेल तर मांस भरलेलं. तुम्ही फीन घ्या. डझनावर भाव लिहिलेला असला तरी सहा मागता येतात. लेक 'द्मी दूझेन' म्हणेल.

ठेल्यावर गेल्यावर तोंडातून पहिला शब्द 'बोंझूर' निघाला पाहिजे. तुम्ही हसं होण्याबद्दल लिहिलंय म्हणून सांगते. तिथे हातानं खाल्लं म्हणून कुणी बघत नाही, पाव मोडून खाल्ला म्हणून बघत नाही, दारू नको म्हटलं म्हणूनही नाही. बोंझूर न म्हणता थेट मालाला बोट दाखवलं तर मात्र चेहरा बदलतो. दारूच्या जागी 'युन काराफ दो' म्हणा, नळाचं साधं पाणी बाटलीत भरून मिळतं, फुकट. शेजारच्या टेबलावर सगळे पांढऱ्या वाइनचा पेला घेऊन बसलेले असतील, असू देत.

ताट आलं की घाई करू नका. बर्फावर सहा कालवं, अर्धं लिंबू, काळसर राय पावाचे काप, खारं लोणी, आणि एका वाटीत बारीक चिरलेल्या छोट्या कांद्याचं व्हिनेगर. आधी वास घ्या. भरतीच्या वेळी खाडीवर येतो तसा स्वच्छ वास आला पाहिजे. मग छोट्या काट्याच्या टोकानं कालवाच्या काळ्या झालरीला हलकेच स्पर्श करा. झालर आकसली की ते जिवंत आहे. आकसली नाही, आतलं पाणी आटलेलं आहे किंवा वास नाकात खुपला, तर ते बाजूला ठेवा आणि बदलून मागा. शिंपल्यातलं पहिलं पाणी ओतून टाका. थोड्या वेळात कालव आतून पुन्हा पाणी सोडतं आणि ते जास्त चवदार असतं. काट्यानं मांस शिंपल्यापासून सोडवा, शिंपला ओठाला लावा आणि तोंडात घ्या.

आणि चावा. लोक गिळायला सांगतात ते ऐकू नका. न चावता गिळलं तर खारं पाणी प्यायल्यासारखं होतं, बाकी काही कळत नाही. तीन-चार वेळा चावलं की आधी मीठ, मग काकडीसारखा गारवा, आणि शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला ओल्या खोबऱ्यासारखी गोडी येते. ती गोडी तुम्हाला ओळखीची वाटेल. मग पाव-लोण्याचा एक घास. पहिलं कालव काही न घालता खा, दुसऱ्यावर दोन थेंब लिंबू. कांद्याचं व्हिनेगर मला आवडत नाही, त्यानं सगळी कालवं एकाच चवीची लागतात. तुम्ही एकावर घालून बघा.

बोर्दोची एक खासियत अशी की कालवांबरोबर तिथे गरमागरम सॉसेज खातात. क्रेपिनेत म्हणतात त्याला, चपटं असतं. एक घास भाजलेलं मांस, एक थंडगार कालव. हे डुकराचं असतं, म्हणून चालत असेल तरच मागा.

आता यजमानांच्या ताटाचं. त्यांना नुसतं पाव-लोणी देऊन समोर बसवलंत तर ते तुमच्या ताटातलं एक उचलतीलच, मीही उचललं असतं. त्यांचं ताट तुमच्यापेक्षा मोठं आणि जास्त कौतुकाचं असलं पाहिजे. शिजवलेला माल तिथे भरपूर असतो. क्रेव्हेत म्हणजे कोळंबी, उकडलेली. लांगुस्तीन नावाचे लांब नांग्यांचे, शेवंडाच्या धाकट्या भावासारखे दिसणारे जीव. तुर्तो म्हणजे मोठा खेकडा. तो फोडायला लागणारी चिकाटी कोकणातल्या जावयाकडे असणारच. ब्युलो म्हणजे मुठीत मावणारे समुद्री गोगलगाय. हे मिठाच्या पाण्यात उकडून मेयोनेझबरोबर देतात. काटा खुपसायचा, मनगट फिरवायचं की मांस पीळ सोडत बाहेर येतं, तोंडावरचं खपलीसारखं झाकण काढून टाकायचं. आणि बिगोर्नो, बोराच्या बीएवढे इवले शंख. ते टाचणीनं काढतात. एका बुचाला पाच-सहा टाचण्या टोचून तो बूच ताटात ठेवलेला असतो. निवृत्त माणसाचा यात तासभर आनंदात जातो.

यात दोन गोष्टी सांभाळा. एक, 'प्लातो' म्हणून जे मोठं थोरलं मिश्र ताट मिळतं, ज्यात कच्ची कालवं आणि उकडलेली कोळंबी एकाच बर्फावर मांडलेली असतात, ते मागवू नका. कच्च्याचं पाणी शिजवलेल्यावर गळतं. त्यांचं ताट वेगळं घ्या. दुसरं, त्यांच्यासाठी निदान एक वेळचं जेवण वाफाळतं असू द्या. तिकडे 'मूल' नावाचे शिंपले मिळतात, म्हणजे आपली शिणाणी, रत्नागिरीकडची काकई. कांदा आणि पांढऱ्या वाइनमध्ये वाफवून पातेल्यासकट टेबलावर आणतात. वाइन चालत नसेल तर मागवण्याआधी विचारा, काही ठिकाणी मलईतलीही मिळतात, पण त्यातही बहुधा वाइनचा हात असतो. काही खानावळींत कालवंसुद्धा भट्टीत भाजून देतात, वर लोणी किंवा चीज घालून. पाट्यांवर 'उईत्र शोद' दिसलं तर समजा गरम कालवं. ती पूर्ण शिजलेली, बुडबुडे फुटणारी हवीत. वरवर तापवलेली त्यांना चालणार नाहीत. लेकीला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी टेबलावर वाद नको.

खाऊन झालं की बाजारातून नदीकडे चालू लागा. पाच-सात मिनिटांत साँ मिशेलचा मनोरा दिसतो, ११४ मीटर उंच, चर्चपासून अलग उभा. त्याच्या खालच्या चौकात जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथे शनिवारी गेलात तर कपड्यांचे आणि भाज्यांचे ठेले असतात, कोथिंबीर-पुदिना मिळतो. तिथून गारोन नदी दोन मिनिटांवर. नदी बघून तुम्ही थबकाल. पॅरिसच्या चित्रातल्यासारखी ती निळी-हिरवी नाही. चहाच्या रंगाची, गढूळ. समुद्र तिथून साधारण शंभर किलोमीटर लांब आहे, तरी भरती-ओहोटी शहरापर्यंत येते. काठावर चिखल उघडा पडलेला दिसेल तेव्हा सुकती आहे. पाणी उलटं, आत वाहताना दिसलं तर भरती. एवढ्या झगमगीत दगडी शहराच्या मधोमध खाडी वाहते आहे हे माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी मला ते शहर पहिल्यांदा आपलं वाटलं होतं.

डावीकडे सतरा कमानींचा दगडी पूल दिसेल, १८२२ सालचा. तुम्ही नदी उजव्या हाताला ठेवून खाली चालत राहा. जुन्या वेशीचा काईयो दरवाजा लागेल, मग प्लास द ला बुर्सचा मोठा चौक. फोटोत दिसणारा पाण्याचा आरसा थंडीत बंद ठेवतात, त्यामुळे तिथे नुसती काळी फरशी दिसली तर हिरमुसू नका. त्याऐवजी इमारतींकडे वर बघा. खिडक्यांच्या कमानींवर दगडात कोरलेले चेहरे आहेत, दाढीवाले, हसरे, आणि काही आफ्रिकन. हे शहर ज्या व्यापारावर श्रीमंत झालं त्यात गुलामांचा व्यापारही होता, हे ते चेहरे अजून सांगतात. बाजारापासून इथवर दीड-पावणेदोन किलोमीटर होतं. रविवार असेल तर तेवढंच आणखी पुढे चालून शार्त्रोँच्या घाटावर जा, सकाळी तिथे नदीकाठी बाजार भरतो आणि तिथेही कालवं फोडून देतात. पण एका दिवशी एकाच ठिकाणी खा. पाय दुखले तर ट्राम काठाकाठानंच धावते.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते. आईची चिरलेली बोटं आणि बर्फावरचं ताट. ती ओळ मी बऱ्याच वेळा वाचली. तुम्हाला कसंतरी वाटतं, ते मला पूर्ण कळतं, आणि ते वाटणं दाबून टाकू नका. त्यासाठी एक दिवस राखून ठेवा आणि आर्काशोँच्या गाडीत बसा. बोर्दोच्या स्टेशनवरून तासाभराच्या आत पोचते. शेवटपर्यंत न जाता आधीच्या ग्युजाँ-मेस्त्रास या गावी उतरा. कालववाल्यांचं गाव आहे ते. लहान लहान सात बंदरं, काठावर काळ्या-तपकिरी लाकडी खोपटांची रांग, दारात दोऱ्या, जाळीची पोती, शिंपल्यांचे ढीग. लार्रोसच्या बंदरावर कालवांचं छोटं संग्रहालयही आहे.

तिथे तुम्हाला कौलं दिसतील. खरंच कौलं, आपल्या जुन्या घरांवर असायची तशी अर्धगोल नळीची. त्यांना चुना-वाळूचा लेप देऊन उन्हाळ्यात खाडीत रचून ठेवतात. पाण्यात तरंगणारी कालवांची पिल्लं त्या चुन्याला येऊन चिकटतात. पुढच्या वर्षी तो लेप खरवडला की पिल्लं न दुखावता सुटी होतात. ही युक्ती १८६० च्या दशकात एका गवंड्याला सुचली. तेव्हापासून आर्काशोँची खाडी फ्रान्सभरच्या कालववाल्यांना बी पुरवते आहे. मग ती पिल्लं जाळीच्या पोत्यांत भरून लोखंडी मंचांवर ठेवतात. प्रत्येक सुकतीला माणसं चिखलात उतरून ती पोती हलवतात, उलटतात, नाहीतर कालवं एकमेकांना चिकटून वेडीवाकडी वाढतात. तुमच्या ताटात येणारं कालव असं तीन वर्षं कुणीतरी हातानं सांभाळलेलं असतं.

आणि त्या खाडीनं दोनदा सगळं गमावलेलं आहे. तिथलं मूळचं चपटं कालव एकोणिसाव्या शतकात अतिउपशानं संपत आलं. १८६८ साली पोर्तुगालहून कालवं घेऊन निघालेलं एक जहाज वादळामुळे अडकलं, माल मेला समजून कप्तानानं तो जिरोंद नदीच्या मुखाशी ओतून दिला. तो मेलेला नव्हता. त्यातूनच पोर्तुगीज कालव सगळ्या किनाऱ्यावर पसरलं आणि शंभर वर्षं त्यावर घरं चालली. १९७० च्या सुमारास रोग येऊन तेही गेलं. मग जपानहून आणलेलं कालव रुजवलं. आज बोर्दोत खाल ते जवळजवळ सगळं त्याच वाणाचं.

संग्रहालयात किंवा गावातल्या दुकानात जुनी पोस्टकार्डं बघायला मिळाली तर शोधा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कालववाल्या बायका आहेत त्यात. डोक्याला उन्हासाठी मोठं कापडी टोपरं, आणि पायात गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या लाल तुमानी. ज्या काळात फ्रान्समध्ये बाईनं तुमान घालणं बेअदबी समजली जायची, त्या काळात या बायका तुमान घालून चिखलात उभ्या होत्या, कारण घागऱ्यानं ते काम होत नाही. तुमच्या आई कासोटा मारून खडपावर जात असतील, त्याच कारणानं. ते चित्र बघितल्यावर बर्फावरचं ताट तुम्हाला परकं वाटणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

त्या खोपटांपुढे चार टेबलं टाकून कालववाले स्वतःच कालवं फोडून देतात. बरोबर पाव, लोणी, कोळंबी, बास. यजमानांना कोळंबी घ्या. फोडणाऱ्या माणसाचे हात बघा. मोजा असला तरी बोटांवर जुने व्रण असतात. लेकीला सांगून त्याला विचारा, सुरी कुठून घालता म्हणून. तो कालव खोलगट बाजू खाली धरून दाखवेल, बिजागरीपासून दोन-तृतीयांशावर उजव्या अंगाला सुरी घालायची, तिथे आत स्नायू असतो, तो कापला की शिंपला आपण होऊन सैल पडतो. मग तुम्ही त्याला आपल्याकडचं सांगा. खडपाला चिकटलेलं कालव तिथल्या तिथे कसं फोडतात, आतलं मांस कसं टिपून घेतात, आमसुलं घालून त्याचं आंबट कसं करतात. मी एकदा अर्धंमुर्धं सांगितलं होतं, तर त्या गृहस्थांनी दोन वेळा विचारलं की तो आंबट पदार्थ नेमका कसला. जाताना चार आमसुलं पुडीत बांधून न्या.

पहिलं कालव आवडलं नाही तरी तिसऱ्यापर्यंत थांबा. आणि आल्यावर कळवा, कितव्याला आवडलं ते.